चार हजार तास

सिनेमावाल्यांचं डोंबिवलीवर प्रेम आहे, फक्त त्यांना डोंबिवलीकर शाबूत असलेला चालत नाही. २००५ साली निशिकांत कामत यांचा 'डोंबिवली फास्ट' आला. त्यातला माधव आपटे हा बँकेत नोकरी करणारा, नाकासमोर चालणारा माणूस. तो एके दिवशी हातात बॅट घेऊन अख्ख्या व्यवस्थेवरच उठतो. मग २०२२ च्या २६ जानेवारीला आदित्य सरपोतदार यांचा 'झोंबिवली' आला. त्यात माणसं माणसांना चावतात आणि मेलेली उठून चालायला लागतात. आमच्या कट्ट्यावर या चित्रपटाचं परीक्षण एका वाक्यात उरकलं : "मेकअपवर एवढा खर्च कशाला केला? सकाळी पावणेनऊला प्लॅटफॉर्मवर कॅमेरा लावला असता तरी भागलं असतं."

या दोन सिनेमांच्या मधे मात्र एक भलतीच गोष्ट होऊन बसली. डोंबिवलीकरानं कॅमेरा स्वतःच्याच हातात घेतला. आज माधव आपटे असता तर त्यानं बॅट उचललीच नसती, मोबाइल उचलला असता. पहिल्या हुज्जतीलाच दोन लाख लोकांनी बघितला असता, तिसऱ्या भागाला एखादा मसालेवाला पुढे आला असता आणि आपटे यांच्या सौभाग्यवती म्हणाल्या असत्या, "अहो, आज जरा जास्त चिडा. रविवार आहे."

असा एक क्रिएटर आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. मुलगा इंजिनिअर आहे. डोंबिवलीत आधी इंजिनिअर होतात आणि मग काय करायचं ते ठरवतात, त्यामुळे त्यात विशेष काही नाही. ऐरोलीच्या एका कंपनीत दोन वर्षं काढून त्यानं राजीनामा दिला. कारण काय, तर रोजचं तेच ते, डोक्यावर बसलेले साहेब आणि गाडीची गर्दी. आता त्याच्या इन्स्टाग्रामवर 'क्रिएटर, फिल्ममेकर, चहा' असं लिहिलेलं आहे. या तिन्हींपैकी चहाबद्दल त्याच्या बाबांना शंका नव्हती, कारण त्याचा खर्च त्यांना दिसत होता.

वन बीएचकेमधलं शूटिंग ही बघण्यासारखी गोष्ट आहे. सोसायटीचा खजिनदार या नात्यानं मला ते 'विजेचा वापर' या सदराखाली बघावं लागलं. पहिल्यांदा पंखा बंद, कारण कॉलर माईकला त्याची घरघर ऐकू जाते. मग खिडक्या बंद. मग दाराला आजीची गोधडी. मे महिन्यात हे सगळं झाल्यावर तो रिंग लाइट लावतो आणि प्रसन्न चेहऱ्यानं म्हणतो, "नमस्कार मंडळी!" त्याच्या कपाळावरचा घाम पाहून लोक प्रतिक्रियांमध्ये 'किती मनापासून बोलतोस रे' असं लिहितात.

फ्रीजचं प्रकरण तर आणखी बारीक आहे. फ्रीज अधूनमधून गुरगुरतो, म्हणून त्याचंही बटण बंद करायचं. पण शूटिंग संपल्यावर ते चालू करायचं हटकून राहतं आणि दुसऱ्या दिवशी दूध नासतं. यावर साउंडवाल्या लोकांनी एक तोडगा काढलेला आहे : फ्रीज बंद करताना गाडीची किल्ली आत ठेवून द्यायची. बाहेर पडताना किल्ली सापडत नाही, ती फ्रीजमध्ये सापडते आणि बटणाची आठवण होते. हे शहाणपण त्यानं आईला सांगितलं नव्हतं. काकूंना कोथिंबिरीच्या डब्यावर अॅक्टिव्हाची किल्ली मिळाली तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. फक्त संध्याकाळी मला जिन्यात गाठून हळूच विचारलं, "भाऊ, नोकरी सोडल्यावर असं होतं का हो?"

बाकीचे आवाज कुणाच्या हातातले नसतात. भंगारवाल्यानं आता ओरडण्याचं काम स्पीकरवर सोपवलं आहे आणि स्पीकरचा घसा बसत नाही. शेजारचा कुकर तीन शिट्ट्यांवर ठरतो, म्हणजे एका टेकमध्ये तीनदा थांबायचं. गाडीचा भोंगा आहे, सुतारकाम आहे. आमच्या इमारतीत सुतारकाम कुणाकडे चालू आहे हे मला खजिनदार असूनही आजवर कळलेलं नाही, पण ते चालू असतं.

हे सगळं सोसून तो जे करत होता ते आधी कुणी बघत नव्हतं. व्हिडिओ चांगले होते. एकात त्यानं फडके रोडवरच्या दिवाळी पहाटेवर छान बोलून दाखवलं होतं. खरं म्हणजे फडके रोडला व्हिडिओ शिकवायची गरज नाही. बोलावणं नाही, पत्रिका नाही, तरी दिवाळीच्या सकाळी सगळी तरुण डोंबिवली नवे कपडे घालून गणेश मंदिराच्या रस्त्यावर येते, एकमेकांना दिसते आणि घरी जाऊन फराळ करते. १९९९ पासून गुढीपाडव्याला नववर्ष स्वागतयात्रा सुरू झाली, तेव्हा नऊवारी, नथ आणि बुलेट यांचीही सोय झाली. दिसायचं कसं हे या गावाला मोबाइलच्या आधीपासून ठाऊक आहे. राहिला होता फक्त हिशेब, तो यूट्यूबनं आणला.

हिशेब असा. यूट्यूबला २०१८ पासून जाहिरातीचे पैसे द्यायला निदान १,००० सबस्क्राइबर आणि मागच्या बारा महिन्यांत लोकांनी बघितलेले ४,००० तास लागतात. नाहीतर आखूड व्हिडिओंना नव्वद दिवसांत एक कोटी व्ह्यूज. काकूंनी हे मनावर घेतलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यावर चॅनेलचा क्यूआर कोड चिकटवलेला होता. "तिळगूळ घ्या, सबस्क्राइब करा" म्हणून त्या दारातच उभ्या. आलेल्या बायकांपैकी निम्म्यांनी तो कोड पैसे देण्याचा समजून वाण खाली ठेवलं. तरी महिन्याभरात हजार झाले. डोंबिवलीत नातेवाईक हे मुबलक मिळणारं खनिज आहे.

चार हजार तास मात्र नातेवाइकांनी होत नाहीत. आजी देवघरासमोर मोबाइल ठेवून व्हिडिओ चालू ठेवायची आणि स्वतः पोथी वाचायची, पण तिच्याच्यानं किती होणार? चार हजार तासांचा आकडा पाहून मुलगा खचला. मला मात्र तो ओळखीचा वाटला. डोंबिवलीहून फास्टनं सीएसएमटीला जायला-यायला दिवसाचे अडीच तास धरले, तर चार हजार तास भरायला सोळाशे दिवस लागतात. रविवार, सणवार आणि मेगाब्लॉक वजा करता साडेपाच-सहा वर्षं. म्हणजे पस्तीस वर्षं नोकरी करणाऱ्या कुठल्याही डोंबिवलीकरानं ही अट लटकत लटकत पाच-सहा वेळा पुरी केलेली असते आणि त्याला कुणी चांदीचं बटण पाठवलेलं नाही.

चमत्कार झाला तो एका बिघडलेल्या टेकमुळे. मुलगा एकटेपणावर एक गंभीर प्रसंग करत होता. खिडकीपाशी बसलेला, डोळ्यांत पाणी, बोलणं जवळजवळ थांबलेलं. आणि नेमकं त्या शांततेत आतून काकूंचा आवाज आला, "अरे, पाणी आलं!" तो तसाच उठला, डोळे पुसत पळाला आणि पिंप भरायला लागला. कॅमेरा चालूच होता. रात्री रागारागात त्यानं तो तुकडा आहे तसा चढवून दिला. तीन दिवसांत तो तीन लाख लोकांनी बघितला. कल्याण, अंबरनाथ, विरार, नालासोपारा, सगळीकडून एकच प्रतिक्रिया : 'आमच्याकडे पण.'

झालं, तेव्हापासून तो पाण्यातून बाहेर आलेला नाही. 'पाणी आलं, भाग २' आला, मग 'पाणी गेलं', मग 'पाहुणे आले आणि पाणी गेलं'. काकूंना भाजी मंडईत लोक ओळखू लागले. त्यांनी मेथीची जुडी उचलली की मागून कुणीतरी "काकू, एकदा म्हणा ना" म्हणतं, आणि त्या पदर सावरून, मान वळवून म्हणतात. फुकट म्हणतात, याचं मुलाला वाईट वाटतं. हल्ली त्या शूटिंगच्या आधी संवाद मागतात, आणि मागच्या महिन्यात तर "यात माझ्या पात्राला काही वाढ नाही" असं म्हणून त्यांनी एक संहिता परत केली.

बाबांचं परिवर्तन त्याहून मोठं. निवृत्त गृहस्थ, आधी त्यांचा या सगळ्याशी असहकार होता. एकदा मुलानं त्यांच्या फोनवर यूट्यूब स्टुडिओ टाकून दिलं आणि आलेख दिसल्यावर माणूस बदलला. आता सकाळी पेपरच्या आधी ते रिटेन्शन बघतात. रिटेन्शन म्हणजे लोक व्हिडिओ कुठल्या सेकंदापर्यंत बघतात आणि कुठे उठून जातात त्याची रेघ. "तिसाव्या सेकंदाला लोक चाललेत," त्यांनी चष्मा कपाळावर घेत निदान केलं. "तिथेच तू बोलायला लागतोस."

हे क्षेत्र इतकं घरगुती आहे याचं नव्या लोकांना अप्रूप वाटतं, पण आपल्याकडे या धंद्याची सुरुवातच घरातून झाली. दादर पूर्वेला दादासाहेब फाळके रोड आहे, तिथून फास्ट पकडली की आमचा फडके रोड. मधे तासाभराचं अंतर आणि शंभर वर्षांचा काळ, पण अडचणी त्याच. फाळक्यांनी १९१२ साली विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून लंडन गाठलं आणि कॅमेरा आणला. तो आणल्यावर पहिल्यांदा काय टिपलं, तर कुंडीतल्या वाटाण्याचं रोप कसं वाढतं ते, थोडं थोडं करून. भांडवलदारांना तेच दाखवलं आणि पैसे उभे केले. हल्ली याला टाइमलॅप्स म्हणतात आणि त्याचा क्लास असतो. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई रात्री फिल्मला भोकं पाडत आणि दिवसा सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करत. ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' लागला तेव्हा त्यातली तारामती होते अण्णा साळुंके, जे त्याआधी एका उपाहारगृहात कामाला होते. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये तर साळुंके राम पण झाले आणि सीता पण. त्याच वर्षी फाळक्यांनी 'चित्रपट कसे तयार करतात' या विषयावरही एक फिल्म काढली. म्हणजे सिनेमा करून चार वर्षं होतायत न होतायत तोच आमच्या माणसानं पडद्यामागच्या गमतीजमतीही विकायला काढल्या. आजचा क्रिएटर वेगळं काय करतो? फाळक्यांना फक्त बेल आयकॉन दाबायला सांगावं लागलं नाही.

एकाच माणसानं सगळी पात्रं करायची परंपरा पुढे प्राजक्ता कोळीनं चालवली. ही ठाण्याची मुलगी, म्हणजे दिव्याला थांबणाऱ्या गाड्या सोडल्या तर आमच्या फास्टचं पुढचंच स्टेशन. तिला लहानपणापासून रेडिओवर बोलायचं होतं. रेडिओत उमेदवारी केली, स्वतःचा कार्यक्रमही मिळाला, पण तो चालला नाही. २०१५ च्या फेब्रुवारीत 'मोस्टलीसेन' नावाचं चॅनेल काढलं. आई तीच, बाबा तीच आणि मोंटू नावाचा भाऊ पण तीच. ओढणी बदलली की पात्र बदललं. पुढे २०२० मध्ये नेटफ्लिक्सवरची 'मिसमॅच्ड', २०२२ मध्ये 'जुग जुग जियो', २०२५ मध्ये कादंबरी, आणि त्याच वर्षी 'टाइम' नियतकालिकानं जगातले शंभर क्रिएटर निवडले त्यात नाव. आमच्या इमारतीतल्या प्रत्येक आईला यातला शेवटचा भाग ठाऊक आहे. रेडिओवरचा कार्यक्रम पडला हा भाग फक्त दुसऱ्या मजल्यावर, मुलगा निराश झाला की, सांगितला जातो.

पण आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाच्या बायोमध्ये दुसरा शब्द 'फिल्ममेकर' आहे आणि खरी ठसठस तिथे आहे. गेल्या वर्षी त्यानं पाण्याचे सगळे पैसे घालून एक लघुपट केला. मराठी लघुपटाचे काही अलिखित नियम असतात, ते त्यानं पाळले. वडील असतात, ते बोलत नाहीत. एक जुनं घड्याळ असतं, ते बंद असतं. चहा निवताना बराच वेळ दिसतो. पाऊस असतो. नाव एका शब्दाचं. लघुपट चार महोत्सवांत गेला, पोस्टरवर दोन्ही बाजूंनी पानांच्या कमानी आल्या आणि यूट्यूबवर त्याला नऊशे व्ह्यूज मिळाले. त्यावर सर्वांत जास्त पसंती मिळालेली प्रतिक्रिया होती : 'दादा, पाणी कधी येणार?'

मला विचाराल तर लघुपट खरोखर चांगला आहे. मी गच्चीचं भाडं माफ केलं होतं म्हणून म्हणत नाही. त्यात बाबांनी काम केलंय आणि न बोलण्याची भूमिका त्यांनी ज्या कष्टानं निभावली आहे त्याची कल्पना फक्त आम्हा शेजाऱ्यांना येईल.

या वाटेनं कुणी पुढे गेलेलं नाही असंही नाही. २०१६ साली सारंग साठ्ये, अनुषा नंदकुमार आणि पॉला मॅकग्लिन यांनी 'भाडिपा' हे यूट्यूब चॅनेल सुरू केलं, तेव्हा अमेय वाघ आणि निपुण धर्माधिकारी त्यावर पाहुण्यांची थट्टा करत बसलेले असायचे. त्यातल्या निपुणनं पुढे राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा 'धप्पा' केला, 'मी वसंतराव' केला. आणि अमेय वाघ? तो 'झोंबिवली'चा नायक झाला. ऑनलाइन व्हिडिओतून निघालेली गाडी डोंबिवलीला थांबते, याचा याहून मोठा पुरावा नको.

नोकरीत साहेब नको होते म्हणून या मुलानं ती सोडली, हे वर सांगितलंच आहे. आता त्याचं वेळापत्रक बघा. मंगळवार, गुरुवार, शनिवार, संध्याकाळी सात म्हणजे सात. मागच्या वर्षी डेंग्यू झाला तेव्हा सलाइन लावलेल्या हातानं त्यानं शीर्षक बदललं, कारण पहिल्या तासात व्हिडिओ उचलला गेला नाही तर पुढे अल्गोरिदम विचारत नाही, अशी त्याची समजूत आहे. काकू अल्गोरिदमला 'वरचे साहेब' म्हणतात. "आज साहेबांना आवडलेलं दिसत नाही," असं म्हणत त्या मुलाला जेवायला वाढतात. ऐरोलीचे साहेब निदान दिसायचे, गणपतीला यायचे, मोदक खायचे. हे साहेब दिसत नाहीत, रजा देत नाहीत, का रागावले ते सांगत नाहीत आणि यांची बदलीही होत नाही. या मुलाइतका नेकीचा चाकरमानी मी आमच्या पिढीतही पाहिला नाही. आम्ही निदान लेट मार्क लागला की रेल्वेच्या नावानं बोटं मोडायचो.

पगाराचंही तसंच. जाहिरातीच्या शंभर रुपयांपैकी लांब व्हिडिओला पंचावन्न त्याचे, पंचेचाळीस कंपनीचे. खात्यात दहा डॉलर जमले की गुगल पत्त्याची खात्री करायला सहा आकड्यांचा पिन चक्क पोस्टानं पाठवतं. सगळं काही क्षणात पोचवणाऱ्या कंपनीनं शेवटी भरवसा ठेवला तो आमच्या पोस्टमनवर. पत्ता लिहिताना 'पिठाच्या गिरणीवर, मारुतीच्या देवळामागे' एवढं सगळं फॉर्मात मावेना, म्हणून देऊळ गाळलं. पत्र गिरणीत गेलं आणि पिठानं माखून आठवड्यानं वर आलं. शंभर डॉलर झाल्यावर पहिले पैसे आले, तेव्हा बाबांनी बँकेचा संदेश दोनदा वाचला आणि पेढे आणले. पैसे पेढ्यांपेक्षा फार जास्त नव्हते.

आता घर घ्यायचं म्हणून तो एका बँकेत गेला. साहेबांनी फॉर्म १६ मागितला, तो नव्हता. नेमणूक पत्र मागितलं, तेही नव्हतं. मग 'नक्की करता काय?' असं विचारलं. यानं फोनवर पाण्याचा व्हिडिओ दाखवला. साहेब पोट धरून हसले, शेजारच्या टेबलवरच्या बाईंना बोलावून दाखवला, सबस्क्राइब केलं आणि तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं घेऊन या म्हणाले.

त्या विवरणपत्रांच्या निमित्तानं एक कामाची माहिती हाती आली, ती उपवर मुलींच्या आईवडिलांसाठी इथे देतो. 'मुलगा व्हिडिओ करतो ते ठीक आहे, पण काम काय करतो?' या प्रश्नावर दुसऱ्या मजल्यावरची दोन स्थळं मोडलेली मी पाहिली आहेत. तर आयकर खात्यानं २०२५-२६ या आकारणी वर्षापासून विवरणपत्रात सोशल मीडिया इन्फ्लुएन्सर हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून घातलेला आहे आणि त्याला संकेतांकही दिला आहे : १६०२१. ज्या कामावर सरकार कर घेतं ते काम असतं. मुलगा निर्व्यसनी आहे, पिंप भरतो, पत्रिका माझ्याकडे आहे.